दोनशेचा आकडा: चमकणाऱ्या अँटीबॉडीची गोष्ट

ज्यांना कानात हेडफोन घालण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून काढलाय. बोलतानाचे 'अं' आणि 'काय म्हणतात ते' तेवढे काढलेत, बाकी तसंच ठेवलंय.

आजची गोष्ट एका आकड्याची आहे. दोनशे.

१ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने एचआयव्हीवरची औषधं, म्हणजे एआरटी, मोफत द्यायला सुरुवात केली. सुरुवात मोजक्या सरकारी रुग्णालयांत झाली. ज्या सहा राज्यांत लागण जास्त होती तिथे भर होता, आणि त्यात आपला महाराष्ट्र होता. पण औषध मोफत असलं तरी सगळ्यांना लगेच मिळत नव्हतं. आधी रक्त तपासायचं आणि 'सीडी४ काउंट' बघायचा. फारशी लक्षणं नसतील, तर एका घन मिलिमीटर रक्तात या पेशी दोनशेच्या खाली गेल्यावरच औषध सुरू. रिपोर्टवर १८० आले तर औषध. २६० आले तर घरी जा, काही महिन्यांनी परत या, पुन्हा मोजू.

विचार करा, एचआयव्ही आहे हे माणसाला कळलंय, औषध त्याच इमारतीत आहे, आणि मध्ये एक आकडा उभा आहे. मला प्रश्न पडला की हा आकडा आला कुठून? रक्तातल्या इतक्या पेशींमधून नेमक्या त्याच कुणी मोजल्या, कशा मोजल्या? शोधायला लागलो आणि गोष्ट बर्लिन, अणुबॉम्बची प्रयोगशाळा, मंगळ ग्रह आणि शाईचा प्रिंटर असं सगळं फिरून आली.

सगळ्या सारख्याच दिसतात

आधी अडचण समजून घेऊ. एक घन मिलिमीटर म्हणजे रक्ताच्या थेंबाचाही छोटासा अंश. त्यात लाल पेशी साधारण पंचेचाळीस-पन्नास लाख आणि पांढऱ्या पेशी चार ते अकरा हजार. पांढऱ्यांमध्ये एक जात लिम्फोसाइट. त्यातल्या काही टी पेशी, आणि टी पेशींमध्येही प्रकार. काही 'हेल्पर', म्हणजे बाकीच्या फौजेला कामाला लावणाऱ्या. काही 'किलर', म्हणजे लागण झालेल्या पेशींना थेट मारणाऱ्या.

गोची अशी की मायक्रोस्कोपखाली हेल्पर आणि किलर हुबेहूब सारख्या दिसतात. गोल आणि मधोमध मोठं केंद्रक. फरक असतो तो वरच्या आवरणावर. तिथे वेगवेगळी प्रोटीन्स रोवलेली असतात. हेल्परवर एक प्रोटीन, किलरवर दुसरं. हे प्रोटीन इतकं लहान की साध्या मायक्रोस्कोपमधून दिसायचा प्रश्नच नाही.

मिरवणुकीत दोन ढोल-ताशा पथकं एकमेकांत मिसळली आणि सगळ्यांचे कपडे पांढरे असले, तर कोण कुठल्या पथकातला हे कसं ओळखणार? फेटा हवा, रंगीत. पेशींना फेटा बांधायची कल्पना ज्या माणसाला सुचली त्याचं नाव आल्बर्ट कून्स.

बर्लिन, १९३९

कून्स अमेरिकेतले तरुण डॉक्टर. १९३९ च्या उन्हाळ्यात ते बर्लिनमध्ये होते. दुसरं महायुद्ध सुरू व्हायला थोडेच दिवस राहिले होते. त्यांच्या डोक्यात मात्र रुमॅटिक फीव्हर होता. या आजारात हृदयाच्या स्नायूंमध्ये सूक्ष्म गाठी होतात. त्या गाठींमध्ये स्ट्रेप्टोकोकस जंतूचा काही अंश असतो का, हा प्रश्न त्यांना छळत होता. असला तरी तो बघायचा कसा?

त्यांनी विचार केला की जंतूचा अंश ओळखणारं एक हत्यार शरीराकडे आधीच आहे: अँटीबॉडी. कुलपाला किल्ली बसावी तशी अँटीबॉडी आपल्या ठरावीक लक्ष्यालाच चिकटते, शेजारच्याला हात लावत नाही. फक्त ती दिसत नाही. मग तिलाच चमकणारा रंग जोडला तर?

बोस्टनला परतल्यावर हार्वर्डच्या रसायनशास्त्रज्ञांच्या मदतीने त्यांनी ते करून बघितलं. १९४१ मध्ये पहिला शोधनिबंध आला: न्यूमोनियाच्या जंतूविरुद्धची अँटीबॉडी, तिला जोडलेला अँथ्रासीन गटातला रंग. अतिनील प्रकाश पाडला की निळं चमकायचं. पण आपल्या शरीरातले ऊतकही त्या प्रकाशात थोडे निळसर चमकतात, त्यामुळे खरी चमक कुठली आणि आधीचीच कुठली हे कळेना. म्हणून त्यांनी रंग बदलला आणि फ्लुओरेसीन घेतला, हिरवा. हा रंग अडॉल्फ फॉन बायर यांनी १८७१ मध्येच तयार केला होता. १९४२ मध्ये जंतुसंसर्ग झालेल्या उंदराच्या ऊतकात हिरवी चमक दिसली. जंतूचा अंश नेमका कुठे बसलाय हे पहिल्यांदाच डोळ्यांना दिसत होतं.

मग कून्स युद्धात सैन्यात गेले आणि काम थांबलं. १९५० मध्ये त्यांनी सुधारलेली पद्धत मांडली, तरी रंग जोडायचं रसायन त्रासदायकच होतं, ते बनवायला फॉस्जीन हा विषारी वायू लागायचा. १९५८ मध्ये कॅन्सस विद्यापीठात त्याला सोपा पर्याय निघाला, 'फ्लुओरेसीन आयसोथायोसायनेट', लाडाचं नाव फिट्सी. आजही जगभरातल्या प्रयोगशाळांच्या फ्रीजमध्ये हिची बाटली सापडेल.

डोळे दुखले म्हणून मशीन

फेटा तयार झाला. आता फेटे मोजायचे कुणी? माणसाने. अंधाऱ्या खोलीत, मायक्रोस्कोपला डोळा लावून, एकेक हिरवी पेशी मोजायची.

स्टॅनफर्डचे लेन हर्झेनबर्ग हेच करत होते आणि त्यांचे डोळे थकायचे. याला एखादं मशीन असायलाच हवं, असं त्यांना वाटू लागलं. त्यांना नुसत्या मोजायच्या नव्हत्या, जिवंत वेगळ्या काढायच्याही होत्या, म्हणजे पुढे त्या पेशी काय करतात ते बघता येईल.

त्यांच्या बरोबरीने या कामात होत्या त्यांच्या पत्नी ली. लेन कॅलटेकमध्ये पीएचडी करत होते तेव्हा तिथे बायकांना प्रवेशच नव्हता. ली नाव न नोंदवता वर्गात बसून शिकल्या. रीतसर पदवी नसताना त्यांनी प्रयोगशाळेत अनेक वर्षं संशोधन केलं, त्या कामावर पुढे पॅरिसच्या सॉरबॉनची डॉक्टरेट मिळवली आणि स्टॅनफर्डमध्ये प्राध्यापक झाल्या.

आता मशीनचे सुटे भाग कुठून आले बघा.

पहिला भाग लॉस अलामोसमधून, म्हणजे जिथे अणुबॉम्ब बनला ती प्रयोगशाळा. तिथे मॅक फुलवायलर नावाचा इंजिनिअर होता. लाल पेशींचा आकार मोजला की आलेखात दोन उंचवटे दिसायचे. लाल पेशी खरंच दोन प्रकारच्या आहेत की मोजणीतच गडबड आहे, हे ठरवायला त्याने पेशी आकारानुसार वेगळ्या करणारं यंत्र बनवलं. १९६५ मध्ये ते 'सायन्स' मासिकात छापून आलं. उत्तर असं निघालं की दोन प्रकार नाहीत, गडबड मोजणीत आहे. मूळ प्रश्न तिथेच संपला, यंत्र मात्र राहिलं.

दुसरा भाग फुलवायलरने उचलला होता तो शाईच्या फवाऱ्यातून. स्टॅनफर्डच्या रिचर्ड स्वीट यांनी आलेख काढणाऱ्या यंत्रासाठी एक युक्ती शोधली होती: शाईची धार थरथरवून तिचे एकसारखे थेंब करायचे, थेंबाला विद्युतभार द्यायचा आणि विजेच्या प्लेटांमधून तो हवा तिकडे वळवायचा. शाईऐवजी पाणी, आणि थेंबात एक पेशी, एवढाच बदल.

हर्झेनबर्ग लॉस अलामोसला गेले आणि त्या यंत्राचे आराखडे घेऊन आले. आणि तिसरा भाग तर फारच भारी. स्टॅनफर्डच्या जेनेटिक्स विभागात जोशुआ लेडरबर्ग यांनी उपकरणं बनवणारी एक प्रयोगशाळा उभी केली होती. तिला पैसा नासाचा, कारण मंगळावर जीवसृष्टी आहे का हे शोधणारी यंत्रं बनवायची होती. तिथले इंजिनिअर हर्झेनबर्गना मिळाले. पुढे स्वीट स्वतःही या टीममध्ये आले. १९६९ मध्ये पहिलं यंत्र चाललं, तेव्हा उजेडासाठी पाऱ्याच्या वाफेचा दिवा होता. १९७२ मध्ये त्या जागी आर्गॉन लेझर आला. नाव पडलं 'फ्लुओरेसन्स अ‍ॅक्टिव्हेटेड सेल सॉर्टर', म्हणजे फॅक्स. सत्तरच्या दशकातच बेक्टन डिकिन्सन कंपनीने ते बाजारात आणलं.

आता हे चालतं कसं? टोलनाका डोळ्यासमोर आणा. पाच लेनची गर्दी येते, पण बूथसमोरून गाड्या एकामागोमाग एकच जातात आणि वरचा स्कॅनर प्रत्येकीचा फास्टॅग वाचतो. इथे पेशी मिठाच्या पाण्याच्या बारीक धारेत एका रांगेत येतात. प्रत्येक पेशी लेझरसमोरून क्षणभर जाते. प्रकाश किती विखुरला यावरून पेशीचा आकार आणि आतला खडबडीतपणा कळतो. अंगावर चमकणारी अँटीबॉडी असेल तर ठरावीक रंगाचा उजेड निघतो आणि तो डिटेक्टर टिपतो. सेकंदाला हजारो पेशी. नुसतं मोजायचं असेल तर ती फ्लो सायटोमेट्री. वेगळ्या काढायच्या असतील, तर पुढे स्वीट यांची थेंब वळवायची युक्ती.

हर्झेनबर्ग एकटे नव्हते हेही सांगायला हवं. १९६५ मध्येच आयबीएममध्ये लुई कामेन्स्की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या पेशी आपोआप ओळखणारं यंत्र बनवत होते, आणि १९६८ मध्ये जर्मनीत वोल्फगांग ग्योडे यांनी चमकेवर चालणारं मोजणी यंत्र केलं. एकाच सुमाराला बऱ्याच जणांना तीच गरज भासत होती.

एकाच साच्यातली किल्ली

मशीन झालं, पण किल्ल्या अजून कच्च्या होत्या. तेव्हा अँटीबॉडी मिळवायची म्हणजे सशाला किंवा बकरीला टोचायचं आणि तिच्या रक्तातून काढायची. त्यात शंभर प्रकारच्या अँटीबॉडी मिसळलेल्या. एका सशाची बॅच संपली की दुसऱ्या सशाची वेगळी निघणार. असल्या किल्ल्यांनी मोजलेला पुण्याचा आकडा आणि पॅरिसचा आकडा जुळणार कसा?

हे सोडवलं १९७५ मध्ये केंब्रिजमध्ये जॉर्जेस कोलर आणि सीझर मिल्स्टाइन यांनी. उंदराच्या प्लीहेतली अँटीबॉडी बनवणारी पेशी आणि कधीच न मरणारी कॅन्सरची पेशी या दोघींना त्यांनी एक केलं. जोडून झालेली पेशी वाढतही राहते आणि एकाच प्रकारची अँटीबॉडी बनवतही राहते. ही झाली मोनोक्लोनल अँटीबॉडी. दोघांना १९८४ मध्ये नील्स येर्न यांच्यासोबत नोबेल मिळालं. या शोधाचं पेटंट घेतलं गेलं नाही. त्यावरून ब्रिटनमध्ये पुढे बराच वाद झाला, पण पद्धत मात्र जगभर पसरली. लेन हर्झेनबर्ग तेव्हा रजा घेऊन मिल्स्टाइन यांच्याकडे कामाला गेले होते. त्या जोडपेशीला 'हायब्रिडोमा' हे नाव त्यांनीच दिलं.

१९८० च्या सुमाराला परिस्थिती अशी होती: चमकणारा रंग आहे, सेकंदाला हजारो पेशी वाचणारं मशीन आहे, आणि हेल्पर टी पेशीवरचं प्रोटीन ओळखणारी एकसारखी अँटीबॉडी नुकतीच हातात आली आहे.

लॉस एंजेलिस, १९८१

आणि नेमकं तेव्हाच लॉस एंजेलिसमध्ये एक तरुण माणूस रुग्णालयात आला. त्याला असा न्यूमोनिया झाला होता जो सहसा प्रतिकारशक्ती पार ढासळलेल्यांनाच होतो. तिथल्या विद्यापीठातले, यूसीएलएचे डॉक्टर मायकेल गॉटलीब यांनी त्याच्या टी पेशी नव्या मोनोक्लोनल अँटीबॉडी वापरून तपासून घेतल्या. हेल्पर पेशी जवळजवळ नव्हत्याच.

मग तसेच आणखी रुग्ण सापडले. ५ जून १९८१ ला अमेरिकेच्या सीडीसीच्या साप्ताहिक अहवालात पाच तरुणांची नोंद छापून आली, त्यातले दोघं तोवर गेले होते. त्याच डिसेंबरमध्ये गॉटलीब यांचा सविस्तर लेख आला. आज आपण ज्याला एड्स म्हणतो त्याची ही पहिली नोंद.

हे लक्षात घ्या की विषाणू तेव्हा कुणालाच माहीत नव्हता. तो पॅरिसमध्ये १९८३ ला सापडला. कारण माहीत नसताना डॉक्टर एवढं मात्र नेमकं सांगू शकत होते की फौजेतली कुठली तुकडी नाहीशी होतेय. दहा वर्षं आधी हेच रुग्ण आले असते, तर 'लिम्फोसाइट कमी झालेत' यापलीकडे फारसं सांगता आलं नसतं. १९८४ मध्ये लंडन आणि पॅरिसच्या दोन टीमनी दाखवलं की विषाणू पेशीत शिरताना हेल्पर पेशीवरच्या त्याच प्रोटीनला धरतो. म्हणजे ज्या खुणेने आपण पेशी ओळखत होतो, तीच खूण विषाणूही वापरत होता.

त्या खुणेचं नाव काय? इथे आम्हा कोड लिहिणाऱ्यांच्या ओळखीची भानगड आहे. बोस्टनवाले तिला टी४ म्हणत, ऑर्थो कंपनीवाले ओकेटी४, आणि गॉटलीब यांच्या लेखात ती ल्यू-३ आहे. एकच व्हेरिएबल, तीन फाइलींत तीन नावं. १९८२ मध्ये पॅरिसला जगभरच्या प्रयोगशाळांनी आपापल्या अँटीबॉडी एकत्र आणल्या. कुणाची कुठली हे झाकून सगळ्या त्याच पेशींवर तपासल्या आणि सारखं वागणाऱ्यांचे गट पाडले. गट म्हणजे क्लस्टर. म्हणून 'क्लस्टर ऑफ डिफरन्शिएशन', सीडी. हेल्परची खूण सीडी४, किलरची सीडी८. आज ही यादी ३७० च्या पुढे गेली आहे. 'सीडी४' हे नाव कुठल्याच कंपनीचं नाही आणि कुठल्याच प्रोफेसरचं नाही.

याच वर्षी दुसरा रंगही आला. एकाच लेझरवर दोन प्रोटीन्स एकदम बघायची तर दोन वेगळे रंग हवेत. फिट्सी हिरवा. १९८२ मध्ये ओई, ग्लेझर आणि स्ट्रायर यांनी समुद्रातल्या लाल शेवाळ्यातून काढलेलं फायकोएरिथ्रिन अँटीबॉडीला जोडलं, ते नारिंगी चमकतं. अडचण एकच. हिरव्याचा थोडा उजेड नारिंगीच्या डिटेक्टरमध्ये सांडतो आणि नसलेली पेशी असल्यासारखी दिसते. त्याचा तोडगा हर्झेनबर्ग यांच्या टीमने १९७७ मध्येच काढला होता: किती टक्के सांडतं ते आधी मोजायचं आणि तेवढं वजा करायचं. तेव्हा हे इलेक्ट्रॉनिक सर्किट करायचं. आज पंधरा-वीस रंग असतात आणि सॉफ्टवेअर मॅट्रिक्सचं इन्व्हर्स काढतं. सेकंड इयरच्या मॅथ्सचा खरा उपयोग मला इथे कळला.

आकडा दारात उभा राहतो

निरोगी माणसात सीडी४ साधारण ५०० ते १५०० असतात. एचआयव्ही वर्षानुवर्षं त्या कमी करत नेतो. डॉक्टरांच्या लक्षात आलं की दोनशेच्या खाली गेलं की जीवघेणे संसर्ग सुरू होतात. म्हणून १९८९ मध्ये सीडीसीने सांगितलं की दोनशेखाली गेल्यावर न्यूमोनिया टाळायचं औषध द्या. १९९३ पासून अमेरिकेत एड्सच्या व्याख्येतच दोनशे आला. धोका सांगणारा आकडा आता माणसावर शिक्काही मारत होता.

पुढे परिणामकारक औषधं आली, पण ती महाग होती आणि तेव्हा त्यांचे दुष्परिणामही जास्त होते. मग जिथे पैसे कमी आणि रुग्ण जास्त, तिथे आधी कुणाला द्यायचं? जो सगळ्यात धोक्यात आहे त्याला. हे चूक म्हणता येणार नाही. पण त्याचा अर्थ असाही होतो की माणसाला अजून थोडं आजारी पडेपर्यंत थांबा म्हणायचं. शिवाय त्यासाठी मशीन हवं, प्रशिक्षित माणूस हवा आणि रक्त ताजं हवं, कारण नमुना फार दिवस ठेवून चालत नाही. लहान गावातल्या माणसासाठी हे सगळं म्हणजे एसटीचे हेलपाटे आणि बुडालेली मजुरी.

मोजणी भरवशाची असणं म्हणूनच इतकं महत्त्वाचं. एका लॅबने १९० म्हटलं आणि दुसरीने २३०, तर एकाला औषध आणि दुसऱ्याला तारीख. पुण्यात भोसरीला १९९२ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजे 'नारी', देशभरच्या लॅबना तपासणीचे नमुने पाठवून त्यांचे सीडी४ चे आकडे जुळतात का ते बघायचं काम करत आली. कामात चमक नाही, पण त्याच्याशिवाय दोनशेच्या रेषेला काही अर्थच नव्हता.

रेषा हळूहळू वर सरकली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये ती ३५० वर नेली, २०१३ मध्ये ५०० वर. मग २०१५ मध्ये 'स्टार्ट' नावाच्या मोठ्या चाचणीचे निकाल आले. ३५ देशांतले ४,६८५ लोक, सगळ्यांचे सीडी४ पाचशेच्या वर. निम्म्यांना लगेच औषध, निम्म्यांना आकडा घसरेपर्यंत थांबवलं. लगेच औषध घेणाऱ्यांमध्ये गंभीर आजार किंवा मृत्यूचं प्रमाण ५७ टक्क्यांनी कमी निघालं. थांबण्यात फायदा नव्हता, नुकसानच होतं. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की एचआयव्ही आढळला की औषध द्या, आकडा काहीही असो. भारताने हे धोरण २०१७ मध्ये स्वीकारलं.

मला या सगळ्यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. दोनशेची रेषा मशीनने आखली नव्हती. मशीनने फक्त मोजलं. रेषा आपण आखली, त्या वेळचे पैसे, औषधं आणि माहिती बघून. आणि थांबवणं महागात पडतं हेही शेवटी तीच मोजणी हाताशी असल्यामुळे सिद्ध करता आलं. रोज डॅशबोर्ड बनवणाऱ्या आमच्यासारख्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं.

आता हे मशीन काय करतं?

बरंच काही. रक्ताच्या कॅन्सरमध्ये कुठल्या पेशी बिघडल्यात आणि उपचारानंतर त्यातल्या काही लपून राहिल्यात का, हे याच पद्धतीने बघतात. नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियलचं अ‍ॅक्ट्रेक केंद्र आहे, तिथे हे काम चालतं. बोन मॅरो ट्रान्सप्लांटआधी मूळ पेशी पुरेशा आहेत का, हे सीडी३४ मोजून ठरतं. घरात कुणाच्या फाइलमध्ये 'इम्युनोफेनोटायपिंग' असा शब्द दिसला, तर तो म्हणजे हेच: फेटे बांधून केलेली मोजणी. लेन हर्झेनबर्ग यांना २००६ मध्ये क्योटो पुरस्कार मिळाला, २०१३ मध्ये ते गेले.

आणि सीडी४ काउंट? तो बंद झालेला नाही. उपचार सुरू करताना आजही तो बघावा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दोनशेखाली असेल तर टीबी आणि इतर संसर्गांकडे जास्त लक्ष द्यायचं. म्हणजे आकडा औषध अडवायच्या कामावरून निघून पुन्हा धोका सांगायच्या कामाला लागलाय.

जाता जाता कामाचं: सरकारी रुग्णालयांतल्या आयसीटीसी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत होते, नाव गुप्त ठेवतात, आणि काही विचारायचं असेल तर १०९७ हा टोल फ्री नंबर आहे. आता कुठल्याही आकड्यासाठी थांबावं लागत नाही, त्यामुळे तपासणी पुढे ढकलायचं एक कारण कमी झालंय. ज्याला गरज वाटते त्याला हा भाग पाठवा. भेटू पुढच्या भागात.